वाढदिवसाचे पथ्य : दुधाविना आणि भट्टीविना फळांचा टार्ट

गेल्या पावसाळ्यात चिखली तालुक्यातील एका खेड्यातून नऊ वर्षांची एक मुलगी आमच्या चिकित्सालयात येऊ लागली. कोपरांच्या आतील बाजूस आणि गुडघ्यांच्या लवणीत विचर्चिका होती. कंडू इतकी, की झोपेत खाजवून अंथरुणावर रक्ताचे डाग पडत. निदान अवघड नव्हते, औषधयोजनाही नेहमीचीच. पथ्यापथ्याचा कागद आम्ही स्वहस्ते लिहून दिला. दूध व फळे एकत्र नकोत, मैद्याचे पदार्थ नकोत, दही, मासे, उडीद, तीळ, गूळ नको, बेकरीचे काहीही नको. कागद वाचून झाल्यावर तिच्या आईने तो शांतपणे घडी करून पदरात ठेवला आणि म्हणाली, "डाक्टर सायेब, तुमी सारं नाई नाईच सांगतलं. येत्या महिन्यात पोरीचा वाढदिवस हाये. मंग त्या दिवशी तिले द्याव तरी काय?"

या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. "शिरा करा," असे काहीसे आम्ही पुटपुटलो. मुलीने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिले ती आम्ही विसरलेलो नाही. मावसबहिणीच्या वाढदिवसाला तिने एक पदार्थ पाहिला होता. खाली बिस्किटासारखी वाटी, मध्ये पिवळे कस्टर्ड, वर रंगीबेरंगी फळे. तिला तो हवा होता. चौकशीअंती कळले, तो फळांचा टार्ट. शहरातील बेकऱ्यांतून तो आता आपल्या तालुक्यांच्या गावीही पोहोचला आहे.

वैद्यबंधूंना येथे एक कबुली द्यावयास हवी. काही वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला आम्ही दोन वर्षे निव्वळ 'नको'ची यादी पाळावयास लावली होती. औषधाने उपशय मिळत होता. परंतु तो मुलगा शाळेतील प्रत्येक वाढदिवसाला चोरून खात असे आणि घरी खोटे बोलत असे. व्याधी पुन्हा उसळला की आम्ही आईवडिलांवर रागावत असू. अखेर ते कुटुंब येईनासे झाले. यात दोष औषधांचा नव्हता, कुटुंबाचाही नव्हता. म्हणून या वेळी आम्ही ठरविले, की मुलीने मागितलेला पदार्थ आधी नीट समजून घ्यावयाचा, त्यातील अपथ्य नेमके कशात आहे ते शोधावयाचे, आणि तेवढेच काढून तिच्यासमोर तोच पदार्थ ठेवावयाचा.

अपथ्य कोठे आहे?

मूळ फ्रेंच पद्धतीचा टार्ट तीन थरांचा. मैदा, लोणी, साखर व अंडे यांची भट्टीत भाजलेली कुरकुरीत वाटी. तीत दूध, अंड्याचा बलक, साखर व पिष्ट शिजवून केलेले दाट कस्टर्ड. आणि त्यावर ताजी, बहुधा आंबटगोड फळे. फळांवर चकाकीसाठी जर्दाळूच्या मुरंब्याचा हात फिरवितात. आपल्याकडील स्वस्त आवृत्तीत लोण्याच्या जागी बहुधा वनस्पती तूप व तत्सम घट्ट स्नेह येतात. खाद्यतेलांतील व घट्ट स्नेहांतील ट्रान्स-फॅटची मर्यादा देशात जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली गेली, ही चांगली गोष्ट झाली. तरी त्यामुळे मैदा काही लघु होत नाही.

आता चरकसंहितेतील चिकित्सास्थानाचा सातवा अध्याय डोळ्यांसमोर आणा. कुष्ठाच्या हेतूंत आरंभीच विरोधी अन्नपान आहे. पाठोपाठ द्रव, स्निग्ध व गुरु अन्न. पुढे पिष्टान्न, तीळ, दूध, गूळ यांचा अतियोग. विचर्चिका ही क्षुद्रकुष्ठांतीलच. म्हणजे त्या मुलीने मागितलेल्या एका तबकात हेतूंची अर्धी यादी मांडून ठेवलेली होती.

परंतु या सर्वांत अग्रस्थानी आम्ही ठेवतो तो दूध आणि फळे यांचा संयोग. सूत्रस्थानाच्या सव्विसाव्या अध्यायात दुधाशी विरुद्ध अशा फळांची लांबलचक गणना आहे. आंबा, महाळुंग, करवंद, केळे, बोर, जांभूळ, कवठ, चिंच, फणस, डाळिंब, आवळा. आणि अखेरीस द्रव असो वा अद्रव, सर्वच आंबट पदार्थ दुधाशी विरुद्ध, असे व्यापक विधान. घरोघरी होणारे शिकरण आणि लग्नाच्या पंगतीतील फ्रूट सॅलड या नियमात सरळ सापडतात. भावप्रकाशाने दुग्धाम्राचे गुण गायिले आहेत हे आम्हांस ठाऊक आहे. व्यवहारात वैद्य याचा मेळ असा घालतात, की मधुर, पिकलेला आंबा निराळा आणि आंबट आंबा निराळा. टार्टवर मात्र द्राक्ष, संत्रे, डाळिंब, किवी, अननस अशी आंबट फळेच अधिक असतात, तेव्हा त्या पळवाटेने येथे जाता येत नाही.

एक आक्षेप नेहमी येतो. लिंबाने दूध फाटते हे दाखवून कोणी विरुद्धाहार सिद्ध करू लागला, की आधुनिक मित्र हसतात. दूध जठरात गेल्यावर फाटतेच, असे ते म्हणतात, आणि ते खरेच आहे. आपण त्या प्रयोगाचा आधार घेऊ नये. विरुद्धाहाराचा सिद्धान्त भांड्यात काय दिसते यावर उभा नाही. दीर्घकाळ सेवनाने शरीरात दोष उत्क्लिष्ट होऊन बाहेर न पडणे यावर तो उभा आहे. शिवाय ज्याचा अग्नी दीप्त, वय तरुण, शरीर स्निग्ध व व्यायामी, ज्याला तो संयोग सात्म्य झाला आहे किंवा जो तो अल्प प्रमाणात घेतो, त्याला विरुद्ध अन्न बाधत नाही, असा अपवाद चरकानेच त्या अध्यायाच्या शेवटी नोंदविला आहे. ऐंशी वर्षांचे आजोबा रोज शिकरण खाऊन ठणठणीत कसे, याचे उत्तर तेथे आहे. आमची रुग्ण मात्र या अपवादांपैकी कशातच बसत नव्हती.

'निव्वळ वनस्पतिजन्य' हा विचार कोठून आला?

दूध, तूप, मध यांसह सर्व प्राणिज पदार्थ वर्ज्य मानणाऱ्या आहाराला 'व्हीगन' हे नाव इंग्लंडमध्ये १९४४ साली मिळाले. त्या चळवळीची भूमिका प्राणिहिताची आहे. आयुर्वेदाची ती भूमिका नव्हे. आपल्या शास्त्रात दूध जीवनीयांत श्रेष्ठ आणि गोघृत स्नेहांत श्रेष्ठ. तेव्हा या लेखावरून कोणी असे समजू नये, की आम्ही दुधाला दोष देतो. आम्ही दूध काढले ते त्याच्या शेजारी आंबट फळ बसते म्हणून. ज्याला दूध हवे त्याने ते फळांपासून वेगळे, स्वतंत्र वेळी घ्यावे.

येथे एक बारकावा आहे आणि तो महत्त्वाचा. दूध काढावयाचे तर ते पूर्णपणे काढले पाहिजे. चरकाच्या त्याच गणनेत नारळ आहे आणि अक्रोडही आहे. म्हणजे कोणी खजूर, अक्रोड, खोबरे यांची 'आरोग्यदायी' वाटी करून तीत गाईच्या दुधाचे कस्टर्ड ओतील, तर त्याने विरोध कमी न करता वाढविला असे होईल. बाजारातील 'अंडीविरहित' केकविषयीही हीच गफलत होते. अंडे नाही म्हणजे दूध नाही, असे पालक समजतात. वास्तविक अंड्याची उणीव भरून काढण्यासाठी तेथे बहुधा आटवलेल्या दुधाचा डबा रिकामा केलेला असतो.

"मग नारळाचे दूध तरी कसे चालेल? तेही दूधच ना?" असे आमच्या एका ज्येष्ठ वैद्यमित्रांनी मिस्किलपणे विचारले. हा घोटाळा मराठी भाषेचा आहे, शास्त्राचा नाही. ग्रंथोक्त क्षीर आठ प्रकारचे : गाय, म्हैस, शेळी, मेंढी, उंटीण, हत्तीण, घोडी व स्त्री. नारळाच्या चवातून पिळून काढलेला पांढरा रस हा नारिकेल स्वरस होय. केवळ रंगावरून त्याला आपण दूध म्हणतो. फळांशी त्याचा विरोध सांगितलेला नाही. गुणाने तो मधुर, शीत, स्निग्ध आणि गुरु. यांतील शेवटचे दोन गुण पुढे आपल्याला त्रास देणार आहेत.

भट्टी नको, पण तवा हवा

पाश्चात्त्य पाककृतींत 'न भाजलेले ते अधिक आरोग्यदायी' असा एक समज अलीकडे दृढ झाला आहे. वैद्याला हा मान्य होण्यासारखा नाही. विमानस्थानातील आहारविधीच्या आठ आयतनांत 'करण' म्हणजे संस्कार आहे, आणि अग्निसंस्काराने गुरु द्रव्य लघु होते हे आपण पहिल्या वर्षापासून शिकतो. तांदूळ गुरु, त्याच्या लाह्या लघु. मग भट्टी टाळून आम्ही काय मिळविले? इतकेच, की मैद्याची वाटी टळली. खजूर व बदाम यांना एकत्र बांधण्यासाठी भट्टी लागत नाही. परंतु कच्चा सुका मेवा जसाच्या तसा कुटून मुलांना देणे आम्हांस पटेना. म्हणून बदाम, चारोळी व खोबऱ्याचा कीस तव्यावर मंद आचेवर कोरडे भाजून घेतो. गंध सुटेपर्यंत, रंग फार न बदलता. खेड्यातल्या घरी भट्टी नसते, तवा असतो, हाही विचार होताच.

द्रव्यांची निवड करतानाही प्रथम चुकलोच. पहिल्या खेपेस आमच्या सौ.नी तीळ, शेंगदाणे आणि गूळ यांची वाटी केली. चव उत्तम; संक्रांतीची आठवण झाली. पण कुष्ठहेतूंत तीळ व गूळ दोन्ही आहेत, हे पथ्याच्या कागदावर आम्हीच लिहिले होते. वाटी घरच्यांनी खाल्ली. मग चारोळी आठवली. बदाम, अक्रोड, पिस्ता वगैरे फळे गुरु, उष्ण, स्निग्ध, मधुर व बल्य असे सांगून चरक म्हणतो, की प्रियाल गुणांनी त्यांच्यासारखीच, फक्त तिच्यात उष्णता नाही. पित्तानुबंधी त्वग्विकारात यापेक्षा सोयीचे काय हवे? आणि चारोळी आपल्या सातपुड्याच्या जंगलातली. मात्र सोललेली चारोळी फार लवकर खवट होते. औषधी दुकानदार बंधूंनी ती पावसाळ्याआधी भरून ठेवू नये, थोडी थोडी आणावी.

मधाचा प्रश्न आपोआप सुटला. व्हीगन मंडळींना तो प्राणिज म्हणून नको, आपल्याला उष्णतेच्या संपर्कात नको. गोडीसाठी खडीसाखर घेतली.

एका औषधविक्रेत्याचे कस्टर्ड

मधला थर करताना आम्हांस एक जुनी गोष्ट कळली, ती औषधी दुकानदारांना आवडेल. डब्यात मिळणारी पिवळी कस्टर्ड पावडर ही एका औषधविक्रेत्याची देणगी. बर्मिंगहॅम येथील आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी सोसत नसत. कस्टर्ड मात्र आवडे. त्यांनी १८३७ साली अंड्याऐवजी मक्याचे पिष्ट वापरून कस्टर्ड केले. पुढे १८४३ साली तिला यीस्टही सोसत नाही म्हणून बेकिंग पावडर तयार केली. 'हे खाऊ नकोस' असे सांगून तो गृहस्थ थांबला नाही. आमच्या कागदाशी ताडून पाहता आम्ही थोडे ओशाळलो.

आम्ही मक्याच्या पिष्टाऐवजी तवकीर घेतले. खरे तवक्षीर शीत व लघु. मुलांच्या पेजेसाठी आजही घराघरांत असते. सितोपलादि चूर्णात वंशलोचनाच्या जागी हेच कित्येक ठिकाणी जाते, हे येथील वाचकांना आम्ही सांगावयास नको. बाजारात तवकीर म्हणून मक्याचे पिष्टही मिळते, तेव्हा खात्रीच्या ठिकाणचे घ्यावे.

केवळ तवकिराने मात्र कस्टर्ड कापण्याइतके घट्ट होत नाही. तेथे जिलेटिन वापरतात. ते प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून होते, हे कॅप्सूल विकणाऱ्यांना ठाऊक आहेच. शिवाय ते आपल्या हवेत टिकत नाही. अंगाच्या उष्णतेलाच जिलेटिनची थिजलेली खीर पाणी होते; खामगाव-मलकापूरकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला असता काय होईल, याची कल्पना करावी. यावर उपाय अगर, म्हणजे वाण्याकडे मिळणारे चायना ग्रास. हे समुद्रशैवालापासून होते. आपल्या देशात तमिळनाडूच्या किनाऱ्यावर त्याचे शैवाल गोळा केले जाते. पाण्यात उकळल्यावर विरघळते, सुमारे ३५ ते ४० अंशांला थिजते आणि पुन्हा वितळावयास सुमारे ८५ अंश लागतात. वीज गेली, फ्रीज बंद पडला, तरी पदार्थ जागचा हलत नाही.

जंतुशास्त्राच्या प्रयोगशाळेतील अगरची बशी आपण सर्वांनी महाविद्यालयात पाहिलेली आहे. ती बशी स्वयंपाकघरातून आलेली आहे. रॉबर्ट कॉख यांच्याकडे काम करणाऱ्या वॉल्टर हेस यांच्या जिलेटिनवरील जंतूंच्या वसाहती उन्हाळ्यात वितळून जात. त्यांच्या पत्नी फॅनी हेस घरी फळांची जेली अगर घालून करीत. १८८१ साली त्यांनीच ते सुचविले. टार्टसारख्या पदार्थातील युक्तीने जंतुशास्त्राचे काम सोपे केले, आणि आम्ही ती युक्ती पुन्हा टार्टमध्ये घेऊन गेलो.

त्यातही एकदा फजिती झाली. संग्रामपूर भागातील संत्री चांगली मिळाली होती. त्यांच्या रसातच आम्ही अगर उकळले. दोन तासांनी पाहतो तो पेया! आंबट रसात उकळल्याने अगरची थिजण्याची शक्ती घटते. अगर नेहमी साध्या पाण्यात किंवा नारळाच्या पातळ दुधात उकळावे, आंबट रस घालावयाचाच तर भांडे खाली उतरविल्यावर. पपई व अननस यांतील प्रथिने तोडणारी द्रव्ये जिलेटिनला थिजू देत नाहीत. अगर हे प्रथिन नसल्याने त्याला ती बाध आणत नाहीत.

कृती

२० सें.मी. व्यासाच्या, काठ असलेल्या थाळीसाठी प्रमाण देतो. बिया काढलेला मऊ खजूर २०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, चारोळी ५० ग्रॅम, सुक्या खोबऱ्याचा कीस ५० ग्रॅम, सुंठ चूर्ण १ ग्रॅम व वेलची चूर्ण १ ग्रॅम. भाजलेली द्रव्ये थंड झाल्यावर जाडसर कुटावीत. फार वेळ दळल्यास तेल सुटते. खजूर भिजवू नये. आम्ही एकदा भिजविला आणि वाटीचा लगदा झाला. कोरडा वाटल्यास दोन मिनिटे वाफवावा. नंतर सर्व एकत्र मर्दन करावे. परीक्षा आपल्या ओळखीची आहे : वटी वळताना जसा कल्क बोटांना न चिकटता गोळी धरतो, तसा तो व्हावा. थाळीला खोबरेल तेलाचा हात लावून केळीचे पान अंथरावे आणि मिश्रण तळाशी व काठाशी सारख्या जाडीने दाबून बसवावे.

एका मध्यम नारळाचा चव वाटून पहिले दाट दूध सुमारे २०० मि.ली. काढावे, मग कोमट पाणी घालून दुसरे पातळ दूध तितकेच. पातळ दुधात अगरची पूड ४ ग्रॅम व खडीसाखर ४० ग्रॅम घालून ढवळत पाच मिनिटे उकळावे. अगर धाग्यांचे असेल तर तितक्याच वजनाचे घेऊन आधी अर्धा तास पाण्यात भिजवून, निथळून घालावे. त्यात १५ ग्रॅम तवकीर ५० मि.ली. थंड पाण्यात कालवून सोडावे व पारदर्शक होईपर्यंत शिजवावे. भांडे उतरवून मग दाट दूध घालावे. ते कोमट असावे. फ्रीजमधील गार दूध घातल्यास अगर जागच्या जागी थिजून गुठळ्या होतात. शेवटी केशर. हे वाटीत ओतले की पाऊण तासात थिजते.

फळे ऋतूप्रमाणे. पावसाळा सरता सरता बुलढाण्याच्या घाटातील सीताफळे येतात. गर बिया काढून आतील थरातच मिसळावा, वर नीट बसत नाही. हिवाळ्यात संत्रे, पेरू, डाळिंब. उन्हाळ्याच्या तोंडी द्राक्षे व पपई. केळे काळे पडते म्हणून ऐन वेळी चिरावे. मुरंब्याच्या चकाकीऐवजी १०० मि.ली. पाण्यात १ ग्रॅम अगर व चमचाभर खडीसाखर उकळून, थोडे निवताच फळांवरून पळीने सोडावे. पदार्थ त्याच दिवशी संपवावा. उरला तर फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत, त्यापुढे नाही. ओले खोबरे लवकर नासते.

कोणाला, किती, केव्हा

हा पदार्थ लघु नाही, हे पुन्हा सांगतो. पहिल्या वेळी तो जमला तेव्हा आमच्या एका मित्राने, वैद्याने घरी केलेला आणि फळांचा म्हणून, जेवणावर तीन तुकडे खाल्ले. रात्रभर आध्मान आणि सकाळी लंघन! गुरु द्रव्ये अर्धतृप्तीपर्यंतच घ्यावीत, हा उपदेश 'आरोग्यदायी' लेबल लागलेल्या पदार्थांना अधिकच लागू पडतो, कारण लेबल पाहिले की हात सुटतो. थाळीचे १२ तुकडे करावेत आणि प्रत्येकी एकच द्यावा.

तोही जेवणाअखेर नव्हे. सुश्रुताने भोजनक्रमात डाळिंबादी फळे आणि मधुर रस आरंभी सांगितला आहे. वाढदिवसाचा कार्यक्रम सायंकाळी असतो. तेव्हा पाच वाजता, भूक लागली असता, हा एकच पदार्थ द्यावा आणि रात्रीचे जेवण हलके ठेवावे. फ्रीजमधून काढल्यावर अर्धा तास बाहेर ठेवावा. वाटीतली सुंठ चवीसाठी नसून नारळ-खजुराच्या शैत्य व गौरवासाठी आहे. ती कोणी गाळू नये.

मधुमेही रुग्णांना हा देऊ नये. १०० ग्रॅम खजुरात ६० ग्रॅमहून अधिक साखर असते. म्हणजे एका तुकड्यात खजुरातूनच सुमारे १० ग्रॅम आली, वर खडीसाखर आणि फळे निराळी. 'साखर नाही, खजूर आहे' असे सांगून असे पदार्थ मधुमेह्यांना विकले जातात, ते आमच्या मते दिशाभूल करणारे आहे. कफप्रधान स्थौल्य, आमावस्था, नवज्वर व कास यांतही वर्ज्य.

सर्वांत महत्त्वाची सूचना विचर्चिका व शीतपित्ताच्या रुग्णांसाठीच आहे. यांतील काही मुलांना बदाम, काजू, शेंगदाणा यांपैकी एखाद्याची तीव्र ॲलर्जी असते. पूर्वी हे पदार्थ खाऊन ओठ सुजणे, अंगावर गांधी उठणे, श्वास लागणे असे काही घडले का, हे स्पष्ट विचारल्याखेरीज ही कृती हातात देऊ नये. तसा इतिहास असेल तर सुका मेवा पूर्ण वगळून साळीच्या लाह्यांची भरड व खजूर यांची वाटी करावी. ती तितकी घट्ट बसत नाही, पण मूल सुरक्षित राहते.

त्या मुलीचे काय झाले

कृतीचा कागद आम्ही पथ्याच्या कागदाला टाचून दिला. आईने बदाम निम्मे करून त्या जागी चारोळी वाढविली, कारण चारोळी घरात होती. वाढदिवसाला गल्लीतील मुले आली, आणि मुलीने इतर सर्वांबरोबर बसून सर्वांनी खाल्ले तेच खाल्ले. पुढच्या तपासणीस ती आली तेव्हा विचर्चिकेत उपशय होता. तो औषधाचा, पथ्याचा की ऋतुबदलाचा, हे एका रुग्णावरून ठरविता येत नाही आणि आम्ही तसा दावाही करीत नाही. तिने मात्र आम्हांस न विचारता सांगितले, की मधल्या काळात मैत्रिणीकडच्या केकला ती नाही म्हणाली. "माह्या घरी माहा केक हाये," हे तिचे कारण.

सोबत तिची आजी आली होती, शेगावची वारी करणारी. तिने सामग्रीची यादी पुन्हा एकदा आमच्याकडून वाचून घेतली. खजूर, बदाम, चारोळी, खोबरे, तवकीर, खडीसाखर, फळे. मग विचारले, "म्हंजे हे एकादशीले चालते?" आमच्या हे ध्यानातच आले नव्हते. चालते, असे आम्ही म्हणालो, आणि उपाशीपोटी एकाच तुकड्यावर थांबावे, असे कागदाच्या खाली ठळक अक्षरांत लिहून दिले.